रात्री विमान, सकाळी बंगला

लग्नात माईक माझ्या हातात असतो. मंडप माझा, साऊंड माझा, आणि बोलायला दुसरं कोणी मिळालं नाही की आवाजही माझाच. कामशेत-वडिवळे पट्ट्यात आजी-माजी सरपंच, चेअरमन, पोलीस पाटील यांची नावं घेऊन घेऊन माझा घसा कायमचा बसला आहे. कोणाचं नाव राहिलं तर तो माणूस रुसून न जेवता जातो, म्हणून मी कोणाचंच राहू देत नाही. इतक्या वर्षांत नाव पुकारलं आणि माणूस आलाच नाही, असं एकदाच झालं. तो दत्तोबा. त्याच्याबद्दल लोक अजून तोंडाला येईल ते बोलतात. मला त्या बोलण्याचा संताप येतो, आणि खरं सांगायचं तर दत्तोबाचाही येतो. म्हणून काय झालं ते एकदा नीट सांगून टाकतो.

दत्तोबा वडिवळे धरणाच्या पाण्याच्या अलीकडच्या काठावर एका बंगल्यावर राखणदार. आता त्याला केअरटेकर म्हणतात. बायको शालूबाई स्वयंपाक आणि झाडलोट बघते; बाग, मोटार, जनरेटर, पोहायचा तलाव आणि गेट याच्याकडे. मागच्या बाजूला एक खोली आहे, तीत दोघं राहतात. मूलबाळ नाही. बंगल्याखालची जमीन एकेकाळी त्याच्याच भावकीची. भावकीनं विकली तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी हा 'तुमी म्हनाल तसं' म्हणाला असता. आज जिथं निळा तलाव आहे तिथं त्याच्या लहानपणी भाताचं रोप टाकायचे. हे तो कोणालाही सांगतो, अगदी सहज, परक्या गावाची गोष्ट सांगावी तसं. एकदा मी त्याला म्हणालो, "दत्तोबा, तुला राग कसा येत नाही?"

"राग येऊन काय करू सुहासभाऊ? तलाव तर मलाच धुवायचाय."

असा माणूस.

बंगल्याचे मालक मूळचे पुण्याचे, पण राहायला दुबईला. वर्षातून दोनदा यायचे. आधी साहेबांचा मेसेज यायचा, की अमुक तारखेला रात्री निघतोय. दुसऱ्या दिवशी दूधवाला पाठ फिरवतो न फिरवतो तोच गाडी गेटात हजर. दुबईहून मुंबई म्हणजे जेमतेम तीन तासांचं उड्डाण, घड्याळाचा फरक दीड तासाचा. रस्त्यात नडलाच तर खंडाळ्याचा घाट नडायचा, विमान कधी नडायचं नाही. यावरून दत्तोबानं आपलं एक गणित बसवलं होतं: रात्री विमान, सकाळी बंगला. मेसेज आला की फ्रीज चालू करायचा, गाद्यांना ऊन दाखवायचं, भिंतींवरची बुरशी पुसायची, आणि उजाडायच्या आत गीझर लावून दूध तापत ठेवायचं. मुंबईहून दुबई किती किलोमीटर, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्याला ठाऊकही नव्हतं. त्याच्या लेखी जगात जेवढे म्हणून परदेश आहेत ते सगळे एका रात्रीच्या अंतरावर होते.

हसू नका. तळेगाव किती लांब आहे विचारलं तर तुम्ही आम्हीसुद्धा 'अर्धा तास' म्हणतो. लांबी वेळेत मोजायची खोड सगळ्यांनाच आहे, फक्त आपलं गणित चुकलं तर आपण बस चुकतो. दत्तोबाचं जे चुकलं ते परत मिळणारं नव्हतं.

साहेब पुढे दुबई सोडून अमेरिकेत गेले, सॅन फ्रान्सिस्कोला. तिकडून एकदाच आले, तेही आधी आठवडाभर पुण्यात नातेवाइकांकडे राहून मग बंगल्यावर. त्यामुळे दत्तोबाच्या गणिताला कोणी धक्का लावला नाही. उलट अमेरिका काय आणि दुबई काय, साहेब तेच, मॅडम त्याच, बॅगाही त्याच.

या बंगल्यावर दत्तोबाच्या आधी बेगडेवाडीचा एक माळी होता. एकदा साहेबांची गाडी आली तेव्हा गेटला कुलूप आणि माळी दुकानात. मॅडमना उन्हात गाडीत बसून राहावं लागलं. त्याच दिवशी त्याचं गाठोडं रस्त्यावर आलं. हा किस्सा मॅडम दरवेळी आल्या की पाहुण्यांना हसत हसत सांगायच्या, आणि दत्तोबा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभा असायचा. त्याला धमकी द्यायची कोणाला गरजच पडली नाही.

आता त्याची बहीण. अनिता पाण्याच्या पलीकडे, वडिवळ्यात दिलेली. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, कोमल. कोमलला पहिल्या दिवशी शाळेत सायकलवर बसवून नेलं ते दत्तोबानं. दहावीच्या निकालाचे पेढे वाटले ते त्यानंच. ती त्याला अरे-तुरे करायची, त्याच्या टोपीत चिंचा भरायची, आणि तो बंगल्यावर कधी कोणाशी हसला नसेल एवढा तिच्याशी हसायचा. तिचं लग्न सोमाटण्याच्या निलेशशी ठरलं तेव्हा तिनं मामाला एकच सांगितलं होतं: "मला बोहल्यावर तूच आणायचं. दुसरं कुनी आलं तर मी उठायची न्हाई."

आमच्याकडे मुहूर्त जवळ आला की माईकवरून पुकारा होतो, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. मामा तिचा हात धरून भरल्या मांडवातून तिला बोहल्यापर्यंत आणतो आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. ज्या मुलीला बाप नाही तिच्या पाठीमागे त्या घटकेला दुसरं कोण असतं? दत्तोबाला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती. मंडप ठरवायला अनिताबरोबर तोही माझ्याकडे आला होता. बोलणं संपल्यावर ती बाहेर पडली आणि हा मागे रेंगाळला. खाली बघत म्हणाला, "सुहासभाऊ, पुकारताना माझं नाव पुरं घ्या. नुसतं दत्तोबा नको."

लग्न चार मेला, रविवारी, संध्याकाळच्या गोरज मुहूर्तावर. आणि एप्रिल संपता संपता साहेबांचा मेसेज आला: तीन तारखेला रात्री निघतोय, बंगला तयार ठेव.

तुम्हाला वाटेल दत्तोबाच्या पोटात गोळा आला असेल. नाही. तो खूश झाला. तीनला रात्री विमान, म्हणजे चारला सकाळी बंगला. साहेबांना नाश्ता द्यायचा, दुपारचं जेवण शालूबाई करून ठेवील, मग भाचीचं लग्न आहे म्हणून चार तास मागून घ्यायचे. साहेब समोर असले की नाही म्हणणार नाहीत. सगळं कसं जुळून आलं, असं त्यानं मला येऊन सांगितलंसुद्धा. मीही बरं म्हणालो. सॅन फ्रान्सिस्को कुठं आहे याचा विचार मंडपवाल्यानं तरी कशाला करावा?

साहेबांना किती वाजता पोचणार हे त्यानं विचारलं नाही. मालकाला वेळ विचारणं म्हणजे 'येता कशाला' विचारल्यासारखं, अशी त्याची समजूत. पण लोणावळ्यात एक सुपरवायझर आहे, अशा पाच-सहा बंगल्यांची देखरेख त्याच्याकडे. त्याला मात्र विचारलं, "चार तारखेला सकाळीच येत्यात ना साहेब?" सुपरवायझर दोन फोन बाळगतो. दोन्ही फोनमध्ये जगभरातली घड्याळं आहेत. एकातही न बघता तो म्हणाला, "हो हो, तू तिथंच थांब." या 'हो हो'ला काही पैसे पडत नाहीत, म्हणून अशी माणसं ते वाटत सुटतात.

तीनला रात्री हळद झाली. दत्तोबा हळदीत नाचला. मी डीजे बंद केला तरी त्याचे हात वरच. कोमलनं त्याच्या दोन्ही गालांना हळद फासली आणि तो तशाच पिवळ्या तोंडानं घाईनं बंगल्यावर परतला, पहाटे गीझर लावायचा होता म्हणून.

चारला सूर्य उगवायच्या आत दूध तापलं. गाडी आली नाही. दहा वाजले, गाडी नाही. रविवार होता, सुट्ट्यांचे दिवस. मुंबईची सगळी जनता घाटात अडकून पडते हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. दत्तोबानं ठरवलं की घाट जाम असणार. साहेबांना फोन लावला, तो बंद. त्याला उलट धीर आला. फोन बंद म्हणजे विमानातच असतील, आता उतरतील, आता घाट सुटेल. दुपारी शालूबाई मामीची ओटी घेऊन पलीकडे गेली. जाताना म्हणाली, "येत न्हाई तर गेट उघडं टाकून या तुमी." हा म्हणाला, "तू व्हय पुढं. मी आलोच." दूध पुन्हा तापवलं. सुपरवायझरला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "फ्लाइट लेट असेल. हलू नकोस तिथून."

फ्लाइट लेट नव्हती. अगदी वेळेवर होती. साहेबांच्या गावात तीन तारखेची रात्र झाली तेव्हा आपल्याकडे चार तारखेची सकाळ कधीच उजाडली होती, कारण त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे चालतं. म्हणजे दत्तोबा गेटवर उभा राहून रस्त्याकडे बघत होता तेव्हा साहेब तिकडे जेमतेम विमानात बसत होते. मधे साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा-सतरा तासांचं सलग उड्डाण. ते विमान मुंबईत टेकणार होतं मध्यरात्र उलटल्यावर आणि गाडी बंगल्यावर पोचणार होती पाच तारखेला सकाळी. सबंध चार तारीख दत्तोबाची होती. नाश्ता करून, झोप काढून, लग्न लावून, जेवून, भाचीला सासरी पाठवून तो आरामात परतला असता. एवढं सांगायला एका माणसाला एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट कोणाकडे नव्हतं.

मुहूर्ताला तासभर राहिला तशी अनिताची चुळबुळ सुरू झाली. तिचा दीर प्रदीप मोटरसायकल घेऊन त्याला आणायला गेला. पाण्यावरून बघितलं तर बंगला दगड मारावा एवढा जवळ दिसतो, पण रस्ता धरणाला वळसा घालून जातो. प्रदीप पोचला तेव्हा दत्तोबा नवीन पांढरा सदरा, कडक टोपी, खांद्यावर उपरणं अशा थाटात गेटच्या आत उभा.

"आरं चल की! पोरगी वाट बघती."

"चलतो की. साहेब आत्ता पोचत्यात बघ. पाच मिंटं थांब."

"कुटनं येत्यात तुझे साहेब, चालत येत्यात का?"

"घाट जाम आसंल."

"ते कुलूप लाव आन् बस मागं."

दत्तोबा कुलपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू व्हय पुढं. गाडी दिसली की मी पळतच येतो." प्रदीपनं तोंडात आली ती शिवी हासडली आणि माघारी आला.

मी माईक हातात घेतला. भटजींनी खूण केली. मी पुकारलं, "नवरीचे मामा, श्री. दत्तोबा गेनू शेलार, यांनी नवरीला घेऊन बोहल्याकडे यावं." दम धरला. दुसऱ्यांदा पुकारलं. मांडवातली कुजबुज माईकमध्ये ऐकू यायला लागली. मला वाटलं तो बघा येईल, घामाघूम होऊन येईल, टोपी सावरत येईल, आणि मी त्याला माईकवरच दोन शब्द सुनावीन. तिसऱ्यांदा नाव घेताना माझाच आवाज चिरकला. माझे कर्णे पाण्याच्या बाजूला तोंड करून बांधले होते. संध्याकाळी पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे काठावर राहणाऱ्याला सांगायला नको.

शेवटी हौशीराम उठला. माजी सरपंच, फोटोत उभं राहायला त्याला कारण लागत नाही. "गाव काय मेलंय का? मी हाय मामा," असं म्हणत फेटा सावरत तो नवरीच्या खोलीच्या दाराशी गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! कोमल दारात उभी होती. तिनं हौशीरामकडे बघितलं, आईकडे बघितलं. उठायची नाही म्हणाली होती, पण मुहूर्त कोणासाठी थांबतो, आणि भरल्या मांडवात आईची शोभा कोण करणार? ती निघाली. हार दोन्ही हातांत घट्ट धरून निघाली, हौशीरामला हात धरायला दिलाच नाही. शालूबाई बायकांच्या गर्दीत पदर तोंडात कोंबून बसली होती. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, मी बँडवाल्यांना खूण केली. माझं काम मी केलं.

पाच तारखेला सकाळी साहेबांची गाडी आली. गेट उघडं होतं, गीझर चालू होता, दूध तापलेलं होतं. पिवळे गाल आणि नवा सदरा बघून मॅडमनी कौतुकानं विचारलं, "अरे वा, कुठे लग्नाला गेला होतास का?" शालूबाईला राहवलं नाही, तिनं सगळं सांगून टाकलं. साहेबांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, मी खोटं बोलणार नाही. ते म्हणाले, "अरे वेड्या, मला विचारायचं ना! चावी कुंडीखाली ठेवून जायचं. आम्ही काय परके आहोत?" आणि मुलीसाठी म्हणून चॉकलेटचा डबा काढून दिला.

मला दत्तोबाचा राग येतो तो इथं. तेव्हा तरी त्यानं काही बोलावं की नाही? बेगडेवाडीच्या माळ्याचं नाव तरी घ्यावं. तो डबा घेऊन म्हणाला, "चुकलं साहेब." कोणाचं चुकलं?

गावानं काय म्हटलं ते लिहीत नाही. मालकाचा कुत्रा, हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. अनितानं बोलणं टाकलं. शालूबाई एका खोलीत राहून पाठ फिरवून झोपायला लागली. दत्तोबा मला कामशेतच्या बाजारात भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "तुमी नाव पुरं घेतलं सुहासभाऊ. तिन्ही टायमाला आयकलं मी." मी त्याच्या पिशवीतली कोथिंबीर बघत राहिलो.

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. मनं सांधली असती, कारण कोमल स्वतः सांधायला गेली होती. पुढचं मला आधी शालूबाईनं सांगितलं, आणि मग विचारल्यावर दत्तोबानंही, मान खाली घालून, एक शब्द न लपवता.

लग्नानंतर दहा-बारा दिवसांनी कोमल नवऱ्याच्या मागे मोटरसायकलवर बसून बंगल्यावर आली. हातात हिरवा चुडा, अंगावर नवी साडी. निलेश तळेगावच्या कंपनीत कामाला. त्याचं रोज संध्याकाळी अमेरिकेतल्या माणसांशी बोलणं असतं, त्यामुळे त्याला हा घड्याळाचा खेळ पाठ. लग्नानंतर बायको रडायची राहिना तेव्हा त्यानं तिला वहीवर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर बोट फिरवून समजावलं की तुझ्या मामाचं गणित कुठं चुकलं. तेव्हा तीच म्हणाली, मला मामाकडं ने.

साहेब-मॅडम अजून बंगल्यावरच होते. मालक असताना राखणदाराकडे कोणी यायचं नाही, हा तिथला नियम. दत्तोबा गेटच्या आत, ही दोघं बाहेर. त्यानं गेट उघडलं नाही. कोमलनं गजांतून हात घालून त्याच्या पायांना शिवायचा प्रयत्न केला, हात पोचला नाही, तेव्हा त्याच्या गुडघ्याला शिवून तो कपाळाला लावला.

"मामा, मला समदं कळलं. ह्यांनी सांगितलं. तितं रात असती तवा हितं सकाळ असती. तुझी काय चूक न्हाई रं. तू येडाच हायेस पहिल्यापास्नं."

गजांवर धरलेल्या तिच्या हातावर दत्तोबानं हात ठेवला. तो म्हणतो, मी बोलनारच हुतो. तेवढ्यात वरच्या व्हरांड्यातून मॅडमनी हाक दिली, "दत्तोबा, कोण आहे गेटवर?"

त्यानं हात काढून घेतला. वळून, नेहमीच्या आवाजात, मोठ्यानं सांगितलं, "कुनी न्हाई मॅडम. रस्ता इचारत्यात."

पाठमोरा होता, म्हणून त्याला तिचा चेहरा दिसला नाही. शालूबाईला मागच्या दारातून दिसला, पण तो कसा होता हे ती सांगत नाही. दत्तोबा परत वळला तोवर कोमल मोटरसायकलवर बसली होती. रस्त्यात कोणा अनोळखी म्हाताऱ्याला म्हणावं तसं, अगदी अदबीनं, ती म्हणाली, "बरं काका, कळला रस्ता."